बांधावरच्या वीराचं नाव

देवगाव रंगारी
५ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस मोठ्या आईचे अ. उ. आ.

फोनवर तुझं एक वाक्य ऐकू येतं अन् चार शिट्ट्या, म्हणून पत्र. कानातलं यंत्र तूच आणून दिलंस, तेव्हा तक्रार तरी कुणाकडं करू?

आपल्या बांधावरच्या म्हसोबाचं शेंदराचं कवच परवा आपोआप गळून पडलं. आत देव नाहीच, माणूस निघाला. हातात तलवार, मागं गुरं. शाळेतले गुरुजी म्हणाले, हा वीरगळ. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्याचा दगड. इतकं देखणं काम की मी उन्हात उभीच राहिले.

तिथून भांडण सुरू. तुझे बाबा, आमचे बद्रीनाथ भाऊजी, म्हणतात वावर आपलं म्हणून वीर आपल्या भावकीचा. दगड चौकात न्यायचा, चौथऱ्यावर घोड्यावरचा पुतळा बसवायचा अन् खाली आपलं आडनाव. शेजारच्या वावरातले सखाराम म्हणतात, गावाची शीव राखायला पूर्वी आमचीच माणसं असत, तेव्हा वीर आमचा. त्यांचंही खोटं कसं म्हणू? पण त्यांची गीताबाई अन् मी इतकी वर्षं त्या दगडापाशी एकत्र भाकरी खातो. ती बौद्ध, दगडाला हात जोडत नाही, पण ठेचा तिचाच लागतो. आता ती बांध ओलांडून येत नाही. मला पुतळा नको, माझी गीताबाई हवी.

तू जुन्या दगडांचंच शिकतेस. ये अन् काय ते सांगून जा. हुरडाही आलाय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मोठी आई
भागूबाई

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१३ जानेवारी २०२५

ती. मोठ्या आईस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. बाबा एसटीपर्यंत सोडायला आले, पण गाडी सुटायच्या आतच पाठ फिरवून निघून गेले.

दगडासाठी भरलेल्या गावच्या बैठकीत जे सांगितलं ते मला बदलता येत नाही. दगडावर एकही अक्षर नाही. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेताहेत, वर तो शिवाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते दोघं असेपर्यंत याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ. वीर कुणाचा, हे मला माहीत नाही आणि आता कुणालाच कळणार नाही. एका वाक्यात मी बाबांना दुखावलं आणि सखारामकाकांनाही. हेच सांगायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला, असं बाबांनी आईजवळ म्हटलं म्हणे.

पण खालच्या बाजूला एक गाय मान वळवून त्याच्याकडं बघतेय, ते पाहिलंस का? त्या कारागिराला मी मनातल्या मनात हात जोडले. तुझं काम मात्र माझ्याकडून झालं नाही. गीतामावशी आल्या नाहीत, याचं फार वाईट वाटतं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पुतळ्याचा ठराव येणार आहे. वावर तुझ्या नावावर आहे, तू तरी बोल.

सोबत तिळगूळ पाठवतेय. रागावली असलीस तर आधी तो खा, मग रागव. आहे तो जिव्हाळा कमी करू नकोस.

तुझी
संस्कृती

देवगाव रंगारी
२८ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस अ. उ. आ.

रागावले नव्हते, तरी तिळगूळ सगळा खाल्ला. भरल्या बैठकीत बापासमोर माहीत नाही म्हणालीस, याचा मला लई अभिमान वाटला. शिकलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द सहसा निघत नाही.

ग्रामसभेत उठण्याआधी मी कानातलं यंत्र काढून पदराला बांधलं. कुणी आडवं बोललं तरी आपलं चालू राहावं म्हणून. मग म्हटलं, लग्न झाल्यापासून मी यांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. यांना जाऊनही वर्षं लोटली. म्हणून मी यांना विसरले, असं कुणाला वाटतं का? हा माणूस गुरं राखताना मेला. ती गुरं काय एकाच घरची होती? नाव लावाल तर तो एका घरचा होईल. अन् तेच करायचं असेल तर माझ्या वावरातून दगड हलणार नाही.

लोक काय बोलले ते अर्थातच ऐकू आलं नाही. पण तुझे बाबा खाली बसून उपरण्यानं डोळे पुसत होते, तेवढं दिसलं. यांची, थोरल्या भावाची, आठवण आली असणार. मग सखाराम उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. यंत्र पुन्हा कानात घातलं तोवर दगड बांधावरच राहायचं ठरलं होतं. पुतळा नाही, फक्त छोटी पाटी: ‘गावाची गुरं राखताना पडला. नाव ठाऊक नाही.’ पाटीखाली सौजन्य म्हणून कुणाचं नाव घालायचं नाही, यावर मात्र वीरापेक्षा जास्त भांडण झालं.

काल गीताबाई बांध ओलांडून आली, ठेचा घेऊन. म्हणाली, तिनंही सखारामांचं नाव कधी घेतलेलं नाय. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं ते घेतलं अन् हसत सुटली. मग मी यांचं घेतलं. उखाण्याशिवाय, मोठ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा. अन् मला रडू आवरेना. गीताबाई माझा हात धरून बसून राहिली.

ते नाव इथं लिहावं म्हणून पेन टेकवलं होतं, पण कागदावर काही उतरत नाही. तू माझ्यासाठी एकदा मोठ्यानं म्हण. लोभ आहेच, तो जपून ठेव.

तुझी
मोठी आई