पापडावरच्या दोन रेषा

ती. बाबा,

आज दुपारी मला रिपोर्ट आणायला जायचंय. सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. "मॅडम, आप आ जाइए, डॉक्टर साहब खुद बात करेंगे. किसी को साथ ले आना जी." एवढंच. त्या शेवटच्या वाक्यापासून कामात लक्ष लागेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील. आजवर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर भांडलेच असते.

गुरुत्वाकर्षण शिकवायला चादर ताणून तिच्यावर चेंडू ठेवणारे मास्तर तुम्हाला आवडायचे नाहीत. तुम्ही पापड घ्यायचात. सांगलीच्या मामीने पाठवलेला उडदाचा पापड, त्यावर स्केचपेनने दोन समांतर रेषा, आणि मग गॅसवर. पापड वळायचा आणि रेषा एकमेकींकडे सरकायच्या. "बघ नंदू, रेषांना कोणी ढकललं? कोणीच नाही. त्या सरळच चालल्यात, पापड वाकला." गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढणारा हात नाही, वाटच वाकलेली असते, हे मला लहानपणीच कळलं, इथे उत्तरेत, सेक्टर बावीसच्या भाड्याच्या घरातल्या ओट्यापाशी. आई विचारायची, शाईचा पापड खाणार कोण? तुम्ही खायचात.

मग कृष्णविवर. मला वाटायचं, मध्यभागी एक भयंकर बिंदू असेल आणि हुशारीने वळलं तर तो चुकवता येईल. तुम्ही हात हवेत फिरवत म्हणायचात, "आत गेल्यावर तो मध्ये नसतो गं, पुढे असतो. उद्या जसा पुढे असतो ना, तसा. डावीकडे वळून कधी उद्या चुकवता येतो का?" आणि ती सीमा, ते क्षितिज ओलांडताना? "काही जाणवत नाही. ना धक्का, ना पाटी. विवर मोठं असेल तर माणूस गप्पा मारत आत जातो."

तुमचे ते हात! प्रकाशाच्या वाटा, वाकलेला अवकाशकाल, सगळं तुम्ही हवेत काढायचात. म्हणून बोटं आपोआप वळायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, मनात तास चाललाय. विद्यापीठातली मुलं म्हणायची, "सर जी तो खाना खाते हुए भी पढ़ा रहे हैं." आम्हीही हसायचो. मग कप फुटायला लागले, खांदा उडायला लागला. तोवर तुम्ही किती आत गेला होतात?

तुम्हाला मात्र माहीत होतं ना? आजोबांना तुम्ही पाहिलं होतंत. चालताना झोक जायचा म्हणून गाव त्यांना दारुडा म्हणायचं, आणि ते तर साधी सुपारीही खात नव्हते. हातपाय आपोआप हलायला लावणारा हा आजार घराण्यात उतरतो हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या शेवटच्या आजारपणात. तुम्ही का नाही सांगितलंत? अवकाशकाल समजावायला तुम्हाला पापड सापडला, आणि हे एक वाक्य सापडलं नाही? इरा पोटात असताना कळलं असतं तर मी काय केलं असतं, मलाही सांगता येणार नाही. पण राग येतो, बाबा.

आईचं निराळंच. कृष्णविवरात पडणारा माणूस बाहेरून बघणाऱ्याला कधी आत गेलेला दिसतच नाही, काठाशी थबकून नुसता मंद मंद होत जातो, असं तुम्ही सांगायचात. आई तशीच बघते. अजून म्हणते, "त्यांना काही झालं नव्हतं गं. पहिल्यापासूनच हात हलायचे त्यांचे." मी तिला खोडून काढत नाही.

काही आठवड्यांपूर्वी जेवताना मी इराला तिच्या अभ्यासातलं काहीतरी समजावत होते. ती हसायला लागली. "मम्मा, अपना हाथ देखो. एकदम आबा!"

मी पाहिलं. माझं बोलणं थांबलं होतं, हात थांबला नव्हता.

तो मी टेबलाखाली घेतला आणि म्हटलं, "भाजी वाढ." वाढता वाढता ती कॉलेजातली काहीतरी गंमत सांगत होती, आणि डाव धरलेला तिचा हात हवेत फिरत होता. या वयात सगळ्याच मुली हातवारे करत बोलतात, नाही का?

त्यानंतर मी तपासणीला गेले. डॉक्टरांनी आधी बसवून सगळं नीट समजावलं, मग रक्त घेतलं. शक्यता निम्मी-निम्मी, म्हणाले. मला तसं वाटत नाही. मी हात पाहिलाय.

तुमच्या वर्गात मी एकदा मागच्या बाकावर येऊन बसले होते. कुणीतरी विचारलं, आत पडलेल्याने इंजिन लावून धडपड केली तर? "बहुतेक तर शेवट आणखी लवकर गाठेल," तुम्ही म्हणालात. "त्यापेक्षा त्याने आजूबाजूला बघावं. तिथून दिसतं ते बाहेरच्यांना कधी दिसायचं नाही." सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नव्हतात, हे मला आज आठवतंय.

म्हणून मी एक ठरवलंय. कुणाला तरी सोबत आणा म्हणालेत, तर मी इरालाच नेणार आहे. निघण्याआधी तिला समोर बसवून माझ्या आजोबांपासून सगळं सांगेन, मराठीत. तिने हिंदीत विचारलं तरी चालेल. स्वतःची तपासणी करायची की नाही, ते तिचं ती ठरवेल. पण यापुढे माझे हात हलतील तेव्हा मम्मा शिकवतेय असं मी तिला वाटू देणार नाही.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच,
नंदू

ता. क. अक्षर जरा वाकडं आलंय. कागद गुडघ्यावर धरून लिहिलंय, म्हणून असेल.