अकरा गाढवं, एक ट्रक

२ ऑगस्ट
आजपासून गाढवांच्या आश्रमात पुराची ड्युटी माझ्याकडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नदी चढली तर वीस मिनिटांत अकराही गाढवं ट्रकमधून वरच्या मैदानावर गेली पाहिजेत. आपलं आवार खोलगट, पाणी आधी इथंच शिरतं. आणि आमची सगळी वीटभट्टीवरून सुटलेली म्हातारी. म्हटलं, वीस कशाला, दहात चढवते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण डोकं आहे.

३ ऑगस्ट
बाईंचा प्लॅन असा. महिनाभर रोज ट्रकच्या फळीवर गाजर ठेवायचं. गाढवानं एक पाय टाकला की शाबासकी द्यायची आणि परत न्यायचं. महिनाभर! लेकीचं लग्न जमवायला एवढा वेळ लागला नाही. हो म्हटलं. बघू.

४ ऑगस्ट
मागून नुसती ओरडले. अकराही वर. नऊ मिनिटं! ट्रक भरलाच होता, मग तसाच दवाखान्यात नेला, सगळ्यांना इंजेक्शनं टोचून आणली. एका खेपेत दोन कामं. ड्रायव्हर म्हणतो, बाई, ट्रकात चढलं की सुई, हे ती ध्यानात ठेवतील हं. म्हटलं, गाढवं आहेत ती. तुझी बायको आहेत का, सगळं ध्यानात ठेवायला?

९ ऑगस्ट
आज खुरं कापायची होती. पुन्हा ट्रक. बावीस मिनिटं. उकाडाच तसा होता.

१४ ऑगस्ट
कानात औषध घालायला नेली. पाऊण तास. दोघं फळीपाशी बसूनच राहिली. वय झालं, दुसरं काय. ड्रायव्हर हसत होता. घरी हसायची सोय नसेल.

१८ ऑगस्ट
एकही चढलं नाही. ट्रक दिसला की पांगतात, मी दिसले की आणखी लांब. घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, तू हाक मारलीस की मीसुद्धा मागच्या दारानं जातो. त्याला कोणी विचारलं होतं?
बाई चार दिवस बहिणीकडे निघाल्या. तयारी कशी आहे विचारलं. म्हटलं, एकदम फिट. खरं सांगितलं असतं तर परत गाजर सुरू. उद्यापासून कडक सराव.

१९ ऑगस्ट
कंबर धरली. सराव उद्या.

२१ ऑगस्ट, दुपारी ३.१०
धरणातून पाणी सोडलंय. भोंगा वाजला. फाटकातून पाणी आत. गाढवं मागच्या कुंपणाला चिकटून उभी. गाजरं दाखवली. हात जोडले. लंगडी माझी सगळ्यांत लाडकी, तिच्या मानेला मिठी मारून म्हटलं, चल गं बये, बुडशील. लाथ बसली. बाईंना फिट म्हणून सांगून बसलेय. यातलं एक जरी गेलं तर तोंड कुठं दाखवू?
ट्रकात बसून लिहितेय. निदान कोणीतरी चढलेलं असावं.

२२ ऑगस्ट
अकराही वरच्या मैदानावर, सुखरूप. ड्रायव्हरनं मला ट्रकातून उतरवलं, मैदानाकडचं मागचं कुंपण तोडलं आणि म्हणाला, बाई, आता नदीच्या बाजूनं या. रोजच्यासारख्या ओरडत. गुडघाभर पाण्यातून आले ओरडत. म्हातारी गाढवं चढावर अशी सुटली की घोड्यांनी लाजावं! चार मिनिटं. लंगडी सगळ्यांच्या पुढे.
म्हणजे ट्रकची गरजच नव्हती. हे मी आधीच सांगणार होते.

२४ ऑगस्ट
बाई आल्या. रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. नवा प्लॅन भिंतीवर लावलाय, एकच ओळ: ‘भोंगा वाजताच कुंपण उघडावे आणि ओरडणाऱ्या बाईंना नदीकडून सोडावे.’ म्हणजे ड्युटी माझ्याकडेच राहिली.
संध्याकाळी वर बघायला गेले. आज ओरडले नाही, कुजबुजतच हाक मारली. लंगडी उठली. मला वाटलं, येतेय. मैदानाच्या पार त्या टोकाला जाऊन उभी राहिली, बाकीची दहा तिच्या मागे.
ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुम्ही खाली जा. त्यांना अजून चरायचंय.