समेवरचं नाव

सोलापूर,
८ फेब्रुवारी १९३७

प्रिय चनूदादा,

तुझं पत्र शनिवारी आलं. आत्यानं, म्हणजे तुझ्या अव्वानं, बारीक अक्षर आताशा दिसत नाही म्हणून ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि ज्वारी निवडायला बसली. मी उत्तरं लिहून दोनदा फाडली. एकात नको ते लिहिलं गेलं, दुसऱ्यात खोटं गोड. हे तिसरं.

तू लिहितोस, बायकांनी बांधलेल्या चिजांसाठी तुमच्या रेडिओनं मोठ्या मनानं जागा काढली आहे: मंगळवारी दुपारी तीनला, भगिनींच्या तासात, लिंबाच्या लोणच्यानंतर आणि बाळाच्या दातांच्या आधी. तेव्हा आत्याच्या चारदोन चिजा उतरवून पाठव. धन्य आहे तुमची. तिच्या निम्म्या चिजा पूरियात आहेत, आणि पूरिया दिवेलागणीला गातात. हे तुला कोणी शिकवलं तेही विसरलास का? बाईनं चीज बांधली की तिचा राग भरदुपारी बरणीशेजारी मांडायचा. तीच चीज पुरुषानं गायली की तुम्हाला संध्याकाळ बरोबर सापडते. कशी सापडते, ते आम्ही गेल्या गुरुवारी ऐकलं.

अव्वाची चीज गाणार असं तू कळवलं होतंस, म्हणून आत्या ठेवणीतलं इरकल नेसून वकीलसाहेबांकडे गेली. वकिलीणबाईंनी आळीतल्या चौघीजणी बोलावल्या होत्या. आधी खरखर झाली, मग तुझं नाव आलं, मग तुमचा निवेदक म्हणाला, आता एक पारंपरिक चीज. कुठली परंपरा, दादा? मी शाळेत गेले नाही; आत्यानं मला अक्षरं शिकवली ती तिच्या चिजा उतरवून घ्यायला. माझ्या पाटीवरची पहिली पूर्ण ओळ या चिजेचीच आहे, तिनं ती बांधली त्याच दिवशी उतरवलेली. तुमची परंपरा माझ्याहून लहान आहे.

मग अंतरा आला. बांधणाऱ्यानं अंतऱ्यात आपलं नाव गुंफायचं ही रीत मी तुला सांगायला नको. तिनं जिथं 'कासी' बांधलंय तिथं तू 'सखी' म्हणालास, आणि अगदी सुरेल म्हणालास. एखाद्या खाँसाहेबांचं नाव असं गाळलं असतंस तर तुझ्या गुरुजींनी तुला दारात उभं केलं नसतं. आईचं नाव गाळायला तेवढी भीती नाही लागत.

गाणं संपल्यावर वकिलीणबाईंनी विचारलं, काशम्माबाई, यातली तुमची कोणती हो? आत्या म्हणाली, ती फुडं हाय, अजून यायची हाय. आणि मग गाण्यांमागून बातम्या आल्या, बातम्यांमागून कापसाचे भाव आले, ते संपेपर्यंत ती पदर सावरून बसून राहिली. वाटेत एवढंच म्हणाली, गळा लई छान झालाय की त्याचा.

अशा चिजांचं आणखी काय करता येईल, असं तू विचारलंयस. वेगळं काहीच नको. ज्या वेळेचा राग त्या वेळी लावा, बुवांच्या चिजेला लागून लावा, आणि गाण्याआधी सांगा की ही अमक्या बाईनं बांधली. वेगळं पान वाढून तुम्ही मान देत नाही, पंगतीतून उठवता. एवढं कळायला रेडिओत नोकरी लागत नाही. पण ते न कळल्यासारखं करायला लागत असावी.

आता जे टाळत आले ते लिहिते. दिवाळीत तुला अंतरा आठवेना म्हणून तू चीज मागवलीस. त्याच पत्रात होतं, घरंदाज बाईचं नाव चारचौघांत जायला नको, त्या जागी बसेल असा शब्द घाल. मी घातला. 'सखी' माझ्या अक्षरात आहे, तुला ठाऊक आहेच. मी घाबरले, आणि तिला विचारलंही नाही. म्हणून वर तुला जे बोलले त्यातलं निम्मं मलाच आहे. काल मी तिला सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. आज सकाळी मला पुढ्यात बसवून नवी चीज दिली. हिच्यात नाव अंतऱ्यात नाही. मुखड्यात आहे, ऐन समेवर. गाणाऱ्यानं कितीही भरारी मारली तरी परत यायचं ते तिथंच. म्हणाली, आता काढ म्हणावं त्याला. बावीस तारखेला तुमच्याकडे माझ्या आवाजाची चाचणी आहे; माझा अर्ज तुझ्याच टेबलावर असेल. मी हीच गाणार आहे. घ्यायची तर नावासकट घ्या, नाहीतर मला परत पाठवा. मला भीती वाटते. पण त्या दिवशी तू काचेपलीकडे बसलेला असशील, आणि दर सोळा मात्रांनी तुला तुझ्या आईचं नाव ऐकावं लागेल.

तुझीच (इथं हात अडखळला, पण आता मी काही खोडत नाही),
नीला