चित्रकोटला आईंनी काय विचारलं

ऊर्जानगर, चंद्रपूर
२८ ऑक्टोबर १९८७

प्रिय वच्छला,
सप्रेम जयभीम.

तुझं पोळ्याच्या वेळचं पत्र मला दसरा उलटल्यावर मिळालं. पर्लकोटा नदीला पूर होता, टपाल पलीकडेच अडकलं असणार. आता पाणी उतरलं असेल, म्हणून हे लवकर पोचेल अशी आशा. खुशालभाऊंची आश्रमशाळा सुरू झाली का? बाळीला दात आले का? आईंनी तिच्यासाठी दोन झबली शिवून ठेवली आहेत. दोन्ही इतकी मोठी झाली आहेत की ती शाळेत जाईल तेव्हा बरोबर बसतील.

इकडे आम्ही दोघी मजेत आहोत. माझी दवाखान्यातली ड्यूटी नेहमीसारखीच. आईंचा गुडघा दुखतो, पण कधी दुखायचं आणि कधी नाही हे आता त्यांच्या मर्जीवर चालतं. ते पुढे कळेलच.

मोठी बातमी अशी की आम्ही चित्रकोटचा धबधबा पाहून आलो. खरंच. तुझी आई, जिने आपलं पोंभुर्णा आणि चंद्रपूर सोडून तिसरं गाव पाहिलं ते फक्त नागपूर, तेही दीक्षाभूमीसाठी, ती थेट बस्तरला जाऊन आली. दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीतल्या लोकांनी बस ठरवली होती. मी ड्यूटीचं कारण सांगून नको म्हटलं होतं. आईंनी मला न विचारता दोघींची नावं देऊन टाकली आणि मेट्रनबाईंकडे जाऊन माझी रजाही मागून आल्या. तेव्हा गुडघा दुखला नाही.

शनिवारी पहाटे निघालो. गडचिरोली, धानोरा, मुरूमगाव करत पलीकडे मध्य प्रदेशात शिरलो. रस्ता असा की वरच्या पिशव्या मांडीवर येऊन पडत होत्या. आई मात्र खिडकीशी बसून प्रत्येक गावाचं नाव विचारत होत्या. विचारत कोणाला, तर पुढच्या सीटवरच्या हरिदासना. हे हरिदास म्हणजे वीजकेंद्राच्या प्लांटमधले फिटर. मूळचे पोंभुर्ण्याचेच, खालच्या वस्तीतले. बसची सगळी व्यवस्था यांच्याकडेच होती. उंच आहेत, कमी बोलतात, आणि बोलताना समोरच्याच्या चपलांकडे पाहतात. त्यांचं नाव आत्ता एवढ्यासाठीच सांगते की पुढे ते येतील.

रात्री जगदलपूरच्या धर्मशाळेत राहिलो आणि रविवारी सकाळी चित्रकोटला पोचलो. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. बसमधल्या बायका गप्पा सोडून एकेक करून खिडकीशी आल्या. खाली उतरून पाहिलं तर नदी चालता चालता एकाएकी तुटलेली. घोड्याच्या नालेसारखा कडा, आणि एवढी रुंद नदी त्यावरून खाली जाते. पाणी अजून थोडं तांबूस होतं, खाली आपटून पांढरं होत होतं. त्याचा धूर वर येऊन चेहऱ्यावर बसत होता. माझ्या अंगावर तू दिलेली मोरपंखी साडी होती. तुझे दादा गेल्यापासून मी असे रंग नेसले नव्हते, पण आईंनी ती बळेच नेसायला लावली होती.

आईंनी पदराने चेहऱ्यावरचे तुषार पुसले. मग त्यांनी विचारलं, "कोणती नदी म्हणावं ही?"

"इंद्रावती," हरिदास म्हणाले. "हेच पाणी पुढं भामरागडले जाते."

"म्हणजे वच्छीच्या गावाले?"

"हो. तिथीच पर्लकोटा मिळते हिले."

आईंनी पिशवीतून गुळाचा खडा काढला, पळसाच्या पानात गुंडाळला आणि कड्याच्या बराच अलीकडे काठावर बसून पाण्यात सोडला. "नातीले," एवढंच म्हणाल्या. वच्छला, मिळाला असेल तर कळव. आई रोज विचारतात.

दुपारी झाडाखाली सगळे जेवायला बसलो. पोळ्या, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. मी आईंचं ताट वाढून पाहते तर आई नाहीत. ताट तिथेच ठेवलं. कड्याकडे धावले, तिथे नाहीत. हरिदास दुसरीकडे धावले. शेवटी त्यांनीच खालून हाक मारली. तू विश्वास ठेवणार नाहीस. आई तो सगळा उतार एकट्या उतरून खाली नदीच्या काठाला गेल्या होत्या आणि डोंग्यात बसल्या होत्या. झाडाचं खोड कोरून केलेला लांबट डोंगा, मासे धरायचा. डोंगेवाला झिंगू म्हणून होता. त्याची भाषा आईंना येत नव्हती, आईंची त्याला येत नव्हती, पण दोघांचं छान जमलं होतं. आई त्याला तंबाखू देत होत्या.

"ये, बस," मला म्हणाल्या. "हरिदास, तू बी बस. बायामाणसं एकटी कशी जातील?"

हरिदासचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. प्लांटच्या चिमणीवर चढणारा माणूस, पण पाण्याला भितो. पोहता येत नाही. तरी बसले. डोंग्याच्या दोन्ही कडा गच्च धरल्या आणि डोळे मिटून घेतले. मी आईंना चिकटून बसले होते, ते पलीकडच्या टोकाला. झिंगूने डोंगा धारेच्या दिशेने नेला. फार जवळ नाही, पण तुषार अंगावर येतील इतका. तिथे तो आवाज असा की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये.

आणि त्या आवाजात आईंनी ओरडून विचारलं, "हरिदास, माझ्या सुनेसंग लगन करतं का?"

मी वळून आधी हरिदासकडे पाहिलं.

हरिदासनी डोळे न उघडताच जोरजोरात मान हलवली. "नाई, नाई," ते ओरडले. "बिलकूल नाई."

आईंचं तोंड एवढंसं झालं. त्या पदर सावरून दुसरीकडे पाहू लागल्या.

वच्छला, आता जे लिहिते आहे ते लिहायचं मी रविवारपासून टाळते आहे. म्हणून तर तुला रस्ता, चटणी, तंबाखू सगळं सांगून झालं. आईंचा प्रश्न ऐकून मला राग यायला हवा होता, किंवा लाज वाटायला हवी होती. तसं काही झालं नाही. पण ते 'नाई' ऐकलं आणि मला वाईट वाटलं. अगदी साधं, लहान मुलीसारखं वाईट वाटलं. आणि एवढं वाईट का वाटावं, हे कळलं तेव्हा मी घाबरले.

काठावर आल्यावर आई हरिदासशी एक शब्द बोलेनात. हरिदासनी हात पुढे केला तर तो न धरता झिंगूचा हात धरून उतरल्या. चढ चढताना गुडघा फार दुखू लागला. वर येऊन त्या बसमध्ये जाऊन बसल्या.

मी एका दगडावर साडीचा काठ पिळत बसले होते. हरिदास चहाचे दोन पेले घेऊन आले. एक मला दिला. दुसरा आईंसाठी होता, तो त्यांनी परत पाठवला होता.

"आई माझ्यावर रागावल्या काऊन?" त्यांनी माझ्या चपलांना विचारलं.

"त्यांनी डोंग्यात काय विचारलं ते तुम्हाला ऐकू आलं होतं का?"

"भेव लागते का म्हणून विचारलं ना? मी नाई म्हटलं. खोटंच म्हटलं. लय भेव लागून राह्यलं होतं."

मला हसू आवरेना. इतक्या दिवसांत मी तशी हसले नव्हते, चहा सांडला साडीवर. ते बिचारे उभेच. आता त्यांना खरं सांगायचं कोणी? आई बसमध्ये रुसून बसलेल्या. मग मीच सांगितलं. आईंनी विचारलं होतं ते शब्द जसेच्या तसे, फक्त 'माझ्या सुनेसंग' च्या जागी 'माझ्याशी' म्हटलं. या वेळी ओरडावं लागलं नाही.

हरिदास खाली बसले. दगडावर नाही, जमिनीवरच. हातातला पेला बाजूला ठेवून म्हणाले, "मी दर रविवारी तुमच्या घरी पंखा पाहाले येतो. तो पंखा उन्हाळ्यातच दुरुस्त झाला होता. आईंले माहीत आहे ते."

मी म्हटलं, "मी जिथे जाईन तिथे आई येतील."

"आईंशिवाय मले कोण घरात घेईल?" असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मग म्हणाले, "पण वच्छलाबाईंले पहिले सांगा. त्यांचा भाऊ होता."

तेच सांगते आहे. तुझे दादा काविळीने गेले त्याला तीन वर्षं झाली. मागच्या वर्षी तू माहेरी आली होतीस तेव्हा माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "वहिनी, तू या घरात आहेस म्हणून दादा अजून इथीच आहे असं वाटते मले." ते वाक्य मी तेव्हापासून जपलं आहे आणि कधी कधी ते मला जडही झालं आहे. हे तुला आज पहिल्यांदा सांगते. दादा मला आवडत होते. अजून आवडतात. ते आवडणं कमी झालं म्हणून हे झालेलं नाही. आणि मी तुझी परवानगी मागत नाही, कारण तू नाही म्हणालीस तर मी थांबेन असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मी एवढंच मागते की तू यावंस. रस्ता कोरडा झाला की बाळीला घेऊन ये, खुशालभाऊंनाही आण. लग्न विहारात साधंच करायचं आहे. तुझ्याशिवाय तारीख धरायची नाही असं आईंनी बजावलं आहे.

त्या दिवशी आईंना बसमध्ये जाऊन सांगितलं तेव्हा त्या आधी हरिदासवर ओरडल्या, "मग नीट ऐकाले काय झालं होतं तुले?" आणि मग खिडकीकडे तोंड करून रडल्या. दादासाठी रडल्या असतील, माझ्यासाठीही असतील. मी विचारलं नाही. त्यांचा हात धरून बसले. परत येताना सबंध वाटभर बायकांना गाणी म्हणायला लावली त्यांनी, आणि हरिदासना टाळ्या वाजवायला.

आत्ता त्या माझ्या शेजारी बसून लसूण सोलत आहेत आणि मी काय लिहिते ते विचारत आहेत. म्हणतात, "तिले लिही, माहेर जिथी मी आहे तिथी. आपलं मन मोठं करून ये म्हणा."

बाळीला पापा. खुशालभाऊंना जयभीम. शेवटी नावाच्या आधी काय लिहावं ते मला सुचेना, म्हणून आईंना विचारलं. त्यांनी लसणीतून मान वर केली नाही. "रोज जे लिहितं तेच लिही," म्हणाल्या. "नातं काय बदलीवर जाते?"

तुझी वहिनी,
सत्यशीला