तिसऱ्या गादीचा ओलावा

सोमवार, ३

परत काळे ठिपके! आणि परत त्याच गादीवर — नावेच्या बाकावरची डावीकडून तिसरी. बाकी अकरा गाद्या कोऱ्या करकरीत. रेक्झिन एकाच ताग्यातलं, फोम एकच, हात माझाच. डोकं चालेनासं झालंय.

नाववाले काका कधी तोंडावर बोलत नाहीत. आज बोलले. "सूनबाई, पंधरा दिवसांनी सफरी सुरू. लोक चांगले कपडे घालून बसतात. आता बुरशी दिसली तर मला दुसरा कारागीर बघावा लागेल." सासऱ्यांनी बत्तीस वर्षं सांभाळलेलं गिऱ्हाईक! माझ्याकडे येऊन वर्ष झालं नाही, आणि मी घालवणार.

घरी येऊन बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "वाळवण्यात कसूर होत असेल." झालं. म्हणजे मी अजून कच्चीच.

मंगळवार, ४

गादी सोलली. फोम दाबला तर पाणी निघालं. आठवडाभर कडक ऊन, नाव धक्क्याला बांधलेली, लाट कुठून येणार? बोट जिभेला लावून बघितलं — खारट नाही. म्हणजे नळाचं पाणी. वर गुलाबाच्या साबणाचा वास. मी वापरते त्या साबणाला वासच नसतो.

काही म्हणता काही कळत नाही.

शुक्रवार, ७

फोम दोन दिवस उन्हात उभा करून खडखडीत वाळवला. रेक्झिन घासून पुसलं. गादी जागेवर बसवली. चेन मागे, जाळी खाली. आत शिरलेलं पाणी तळाच्या जाळीतून गळून जातं. शिकवताना बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जाळी वर ठेवलीस तर ती गादी नाही, टाकी."

काकांना विचारलं, इथे बसतं कोण? "कोण बसणार? दुपारी तुझे सासरे येतात. पेपर वाचतात, डुलकी काढतात. जुना माणूस, मी काही म्हणत नाही."

बाबा तर घरी वाचनालयात जातो म्हणून सांगतात. असू दे, म्हटलं.

रविवार, ९

गादी उलटी! चेन पुढे, जाळी वर, आणि सगळी ओलीचिंब.

चेन सरकू नये म्हणून टोकाला मी दोन टाके घालते. ते उसवून परत घातलेत. शेवटी दुहेरी गाठ, दोऱ्याचं टोक आत लपवलेलं. ही गाठ अख्ख्या धक्क्यावर एकाच माणसाला येते. मला अजून जमत नाही.

बाबा? माझं काम बिघडवायला? ज्यांनी स्वतःचं मशीन माझ्या हवाली केलं, ते? असा राग आला, आणि रागापेक्षा रडूच जास्त. पण ज्यांनी जन्मभर जाळी खाली ठेवली, त्यांच्या हातून ती वर कशी राहिली? घाई झाली असेल. कसली घाई?

सोमवार, १०

कुणाशी बोलले नाही. नवऱ्याशीही नाही. बोलणार काय, तुझे वडील माझ्या वाईटावर आहेत म्हणून?

संध्याकाळी न्हाणीघरात हात धुतले आणि तोच गुलाबाचा वास आला. हा साबण बाबांचा. दोन महिने झाले, ते आपले कपडे आपणच धुतात. "तुला किती राबवायचं," म्हणतात. मला केवढं कौतुक वाटलं होतं.

काहीतरी उमगतंय. उमगू नये असंही वाटतंय.

मंगळवार, ११

दुपारी बाबा शिवणखोलीत आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "त्या तिसऱ्या गादीत फोमला प्लास्टिकचं अस्तर घाल. कडा चिकटव, टाका नको. टाक्यातून झिरपतं." मी हो म्हटलं. मग मशीनकडे बघत म्हणाले, "मला कळतच नाही गं. बसल्या बसल्या होऊन जातं." आणि हळूच, "असं एक अस्तर माझ्या पलंगावरच्या गादीलाही कर. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

मी टेप उचलली आणि विचारलं, "दुमड किती ठेवू, बाबा?"

"वीतभर," म्हणाले, आणि माझ्याशेजारी येऊन बसले.