आईंच्या वॉकरखालची चिकणमाती

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग फक्त कागदावर.) तुमची आणि वहिनींची तब्येत उत्तम असणार, असं धरून चालतो. माझी विचारू नका.

खुब्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या आई आमच्याकडे आल्या त्या केवळ आमच्या दारात हिरवळ आहे म्हणून. डॉक्टरांनी रोज मऊ जमिनीवर चालायला सांगितलं होतं ना! आमची हिरवळ जुनी, दाट, दिसायला अगदी गालिचा. पण खाली निव्वळ चिकणमाती. पाऊस पडून गेला तरी पाणी मुरायचं नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी वॉकरचे चारही पाय रुतले. आई वॉकरला धरून उभ्या आणि वॉकरला मातीने धरलेलं! तुमची बहीण माझ्याकडे अशी बघत होती, जणू ती चिकणमाती मीच माझ्या माहेरून आणली होती.

सगळं उकरून नवी माती टाकू, असं मी म्हटलं. तर आई कडाडल्या, "जावईबापू, चांगल्या गवताला हात लावाल तर याद राखा!" म्हणजे वरचं गवत तसंच ठेवून खालची माती सुधारायची, झोपलेल्या माणसाखालची गादी बदलण्यातला प्रकार. मी बारीक वाळू आणून पसरली. ऊन पडल्यावर तिची आणि चिकणमातीची अशी गट्टी जमली, की एका कोपऱ्यात वीटच तयार झाली. नर्सरीवाला (पोटभर हसून झाल्यावर) म्हणाला, की बागकामाच्या चार दातांच्या काट्याने भोकं पाडा, त्यांत कुजलेलं कंपोस्ट खराट्याने लोटा. मात्र माती ओलीगच्च असताना नको. मला कुठला धीर! काटा आत गेला तो तिथेच राहिला, आणि ओढणारा मी मागे चिखलात बसलो. तेव्हापासून ऑफिसातून आलो की चहाच्या आधी हातात काटा. आई खुर्चीतून "इकडे राहिलं, तिकडे राहिलं" करणार. कंपोस्टच्या वासाने शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि हातावरचे फोड बघून ऑफिसातले लोक घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारतात.

असे कित्येक महिने गेले. परवा धो धो पाऊस झाला, आणि पाणी चक्क मुरलं! आईंनी वॉकर बाजूला ठेवला, माझा दंड धरून कुंपणापर्यंत गेल्या आणि येताना दंडही सोडला. तुमची बहीण दारात उभी राहून रडत होती. मी काटा धुवायला निघून गेलो.

आपला,
चिखलाने माखलेला मेहुणा

ता. क. आई आता तुमच्याकडे यायचं म्हणताहेत. न्यायला कधी येता ते कळवा, म्हणजे मी जरा पाठ टेकीन.

पुन्हा ता. क. वरची ओळ तुमच्या बहिणीच्या देखत लिहिली आहे. कृपा करून येऊ नका. तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आहे, असं आईंना फोन करून सांगा. मागची अर्धी हिरवळ अजून व्हायची आहे, आणि खुर्चीतून चुका काढायला कोणी नसलं की माझा हातच चालत नाही.