ड्रमवरची अर्धी खूण

सायखेडा
१६ सप्टेंबर २०२४

ति. सौ. सुवर्णाताईस,
छायाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की भिंतीपलीकडे जाऊबाई ऐकतात, म्हणून पत्र लिहितेय. आपला झेंडू करपला गं. फवारणीनंतर बांधाकडच्या सरींची पानं जळाल्यासारखी झाली, कळ्या काळ्या पडल्या. दसऱ्यासाठी लावलेला होता.

हे म्हणतात, काम गोटीराम भाऊजींचंच. शेताची वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ बोलत नाहीत, तुला माहीत आहे. फवारणीच्या सकाळी भाऊजी आमच्या औषधाच्या ड्रमपाशी वाकून काहीतरी करत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शिवाय त्या दिवशी ड्रम फारच लवकर संपला. भाऊजींनी पाणी सोडून दिलं आणि वर तणनाशक ओतलं, असं यांचं म्हणणं. जळलं तेही नेमकं त्यांच्याच बाजूचं. आता हे पोलिसांत जायचं म्हणतात. मलाही त्या घरचा चहा घ्यायची भीती वाटते.

काय करू ते लिही, पण मॅडमपणा न करता. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
छाया


नाशिक
१९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. छायास,
अनेक आशीर्वाद.

मॅडमपणा करणारच. नववीला गणित शिकवून दुसरं येतं काय मला? खरं सांगायचं तर पत्र वाचून माझाही संशय गोटीरामरावांवरच गेला. त्यांचं तिरसट बोलणं मला तुझ्या लग्नापासून खटकतं. पण ड्रम लवकर संपला, या वाक्यावर मी अडले.

पोळ्याला आले तेव्हा तो ड्रम पाहिला होता. लोखंडी स्टँडवर ठेवलेला, वर रुंद आणि खाली थेट टोकापर्यंत निमुळता. आमच्या भाषेत शंकू. संतोषरावांनी त्यावर उंचीच्या बरोबर मधे रंगानं ‘अर्धा’ लिहिलं होतं. सरळ पिंपात ते बरोबर ठरलं असतं. शंकूत मात्र उंची निम्मी झाली की पाण्याच्या तोंडाची रुंदीही निम्मी होते, उभीही आणि आडवीही. म्हणजे तीनदा निम्मं. त्या खुणेपर्यंत पाणी मावतं फक्त आठवा हिस्सा. शेंगदाण्याची पुडी अर्ध्यावर आली की हाताला चारच दाणे लागतात, तसं.

त्या दिवशी ड्रम अर्ध्या खुणेपर्यंत भरून त्यात अर्ध्या ड्रमचं औषध टाकलं असेल, तर ते चौपट कडक झालं. संतोषरावांना विचार. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बादलीनं मोजून बघ. तोवर संतोषरावांना पोलिसांत जाऊ देऊ नकोस. सख्ख्या भावावर केलेली तक्रार मागे घेतली तरी गावात राहते.

सगळ्यांना विचारलं म्हणून सांग. मला विसरू नकोस.

तुझी,
ताई


सायखेडा
२५ सप्टेंबर २०२४

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी ड्रम अर्ध्या खुणेपर्यंतच भरला होता आणि औषध अर्ध्या ड्रमचं टाकलं होतं, एरवी काठोकाठ भरतात. आम्ही मोजलं. दोन बादल्यांत पाणी खुणेला लागलं, आणि पुढे काठापर्यंत चौदा बादल्या गेल्या. यांनी सगळं सोडून पुन्हा मोजलं. मग बांधावर बसून राहिले. फवारणी त्या बाजूनं सुरू केली होती आणि औषध तिथंच संपलं, म्हणून तेवढंच जळलं.

त्याच दुपारी पिंपळगावहून टेम्पो आला आणि भाऊजींच्या दारात अगदी तसाच ड्रम उतरला. आमच्या फवारणीच्या सकाळी ते आमच्या ड्रमचं माप घेत होते, ताई. लगेच त्यांनी मधोमध खूण रंगवायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शेवंतीला फवारणी होती. हे म्हणाले, आपण सांगायला गेलो तर आपल्या मनात काय आलं होतं तेही सांगावं लागेल, त्यापेक्षा गप्प बस.

मी गेले. भाऊजींना वाटलं, त्यांची फवारणी लांबावी म्हणून यांनीच मला पाठवलंय. मी त्यांचीच बादली घेऊन ओतायला लागले. दुसऱ्या बादलीला खूण भिजली, तेव्हा ते जवळ आले. तुमचं असंच झालं का, असं विचारलं. आणि कोणी केलं असं वाटलं, हेही विचारलं. मी खाली बघून म्हटलं, तुम्ही.

त्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. मग म्हणाले, संतोषला पाठव, हे त्यानं येऊन सांगायला पायजे व्हतं.

हे गेले. मी अलीकडेच थांबले, बोलणं ऐकू आलं नाही. अंधार पडेपर्यंत दोघं बादलीनं पाणी ओतून त्या ड्रमवर नव्या खुणा करत होते. जाऊबाई अजून माझ्याकडे तिरकंच बघतात. बघू देत. जेवताना यांनी एवढंच सांगितलं, की सकाळी दादा आपल्या उरलेल्या सरी बघायला येणार आहे.

तुझा लोभ हवाच आहे.

तुझी,
छाया